नाव घेत राहणं

गेल्या रविवारी मी मम्मीवर चिडलो. तेही चर्चच्या पायऱ्यांवर, चार लोकांच्या देखत.

तर झालं असं. शनिवार-रविवार मी नगरला घरी गेलो होतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय.) आमच्या उपासनेत एक वेळ अशी येते की पाळकसाहेब विचारतात, "कुणाचे काही प्रार्थनेचे विषय?" मग एकेक जण उठतो. कुणाच्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीची बारावी, कुणाची अडकलेली बदली. आणि मग, दर रविवारी, न चुकता, तिसऱ्या बाकावरून मम्मी उठते. "माझ्या थोरल्यासाठी." बस, एवढंच म्हणते आणि खाली बसते.

लोक माना हलवतात. चार वर्षं झाली, लोक माना हलवतायत. माझी मात्र मान खाली जाते. कारण "माझ्या थोरल्यासाठी" म्हणजे काय, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. दारू. या एका शब्दात बरंच काही येतं, ज्यांच्या घरात आहे त्यांना जास्त सांगायची गरज नाही. नोकऱ्या गेल्या, लग्न मोडलं, मम्मीच्या पाटल्या गेल्या. त्याने काढलेलं एक कर्ज माझ्या पगारातून फिटलं. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी त्याचा नंबर ब्लॉक केला, आणि खरं सांगतो, त्या रात्री मला छान झोप लागली. तो घर सोडून गेला. कुठल्याशा गोडाऊनवर कामाला आहे असं ऐकतो. मम्मीला कधीतरी फोन करतो, तिच्याशी दोन मिनिटं बोलतो.

तर पायऱ्यांवर मी म्हणालो, "मम्मी, बास आता. किती वर्षं तेच तेच? देवाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

ती चप्पल घालत होती. वर न बघता म्हणाली, "तू सोडलंस. पप्पांनी सोडलं. मी पण सोडलं तर त्याचं नाव घेणारं घरात कोण राहिलं?"

यावर मला काही बोलता आलं नाही. पुण्याला परत येताना बसमध्ये, आणि मग आठवडाभर हापिसात, हेच डोक्यात घोळत होतं. त्यातून जे काही निघालं ते आज मांडतोय. माझे बरेचसे मित्र ख्रिस्ती नाहीत, काही तर देवच मानत नाहीत. पण ज्याच्यासाठी जीव तुटतो असं एखादं माणूस प्रत्येकाच्या घरात असतंच, म्हणून वाचून बघा.

आधी माझी बाजू. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट पोटापाण्यासाठी शिकतो. एका सर्व्हरने दुसऱ्याला काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारायचं. आधी एक सेकंद थांबून, मग दोन, मग चार, मग आठ. ठरावीक वेळा विचारूनही उत्तर नाही, तर विचारणंच बंद करायचं. याला सर्किट ब्रेकर म्हणतात. घरातल्या वीजेच्या बोर्डावर जो खटका पडतो ना, तसाच. एक बिघडलेला भाग सगळ्या सिस्टीमला घेऊन बुडू नये म्हणून. अतिशय शहाणपणाची रचना आहे, आणि मी ती जशीच्या तशी दादाला लावली होती. देवालाही. आधी रोज प्रार्थना, मग आठवड्याला, मग सणासुदीला, मग खटका पडला.

आता गंमत बघा. येशूने प्रार्थनेवर जी एक गोष्ट सांगितली, ती नेमकी या रचनेच्या उलटी आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक विधवा आहे. न्यायाधीश असा की देवाला भीत नाही आणि माणसाला जुमानत नाही. ती येते, तो हाकलतो. ती परत येते. शेवटी तो वैतागून तिचा निवाडा करतो, कारण काय, तर ही बाई माझं डोकं खाईल. लूक सुरुवातीलाच सांगून टाकतो की ही गोष्ट कशासाठी आहे: माणसांनी खचून न जाता प्रार्थना करत राहावं म्हणून.

लहानपणापासून मी या गोष्टीचा अर्थ चुकीचा लावत होतो. मला वाटायचं, देव म्हणजे तहसील कचेरीतला साहेब. चकरा मारा, कागद पुढे सरकेल. जास्त चकरा मारणाऱ्याचं काम आधी. पण गोष्ट तसं म्हणतच नाही. ती म्हणते की असला कोडगा न्यायाधीशसुद्धा ऐकतो, मग जो तुमचा बाप आहे तो ऐकणार नाही का? म्हणजे न्यायाधीश हे देवाचं चित्र नाही, देव कसा नाही याचं चित्र आहे. चकरांची संख्या देवाला नको असते. मग ती बाई रोज का जाते? कारण तिला दुसरं दार नाही, आणि तिच्या मनातला प्रश्न अजून मिटलेला नाही. बास. मम्मी पण तेवढ्याचसाठी उठते.

इथे माझ्यातला इंजिनिअर हात वर करतो. भावना ठीक आहे, पण दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेने काही होतं का? डेटा काय म्हणतो?

डेटा आहे. २००६ साली 'अमेरिकन हार्ट जर्नल'मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास छापून आला. अमेरिकेतली सहा हॉस्पिटलं, हृदयाची बायपास झालेले १८०२ पेशंट, तीन गट. पहिल्या गटासाठी प्रार्थना होत होती, पण त्यांना ते नक्की माहीत नव्हतं. दुसऱ्यासाठी होत नव्हती, त्यांनाही ते नक्की माहीत नव्हतं. तिसऱ्यासाठी होत होती आणि तसं त्यांना सांगितलेलं होतं. निकाल? पहिल्या गटात ५२ टक्के लोकांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के. म्हणजे फरक नाही. आणि तिसऱ्या गटात, ज्यांना पक्कं माहीत होतं की आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे, त्यांच्यात ५९ टक्के!

या आकड्यांवर आमच्यातले काही लोक लगेच पळवाट काढतात. प्रार्थना करणारे अनोळखी होते, त्यांच्या हातात पेशंटचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर होतं, चौदा दिवस ठरलेलं वाक्य म्हणायचं, हिला काय प्रार्थना म्हणायची, वगैरे. त्यात तथ्य आहे. पण मला पळवाट नकोय. मला वाटतं हा अभ्यास आपल्याला एक सरळ गोष्ट सांगतो, आणि ती ऐकलेली बरी: प्रार्थना म्हणजे गोळी नव्हे. इतके मिलिग्रॅम दिले की इतका परिणाम, असलं ते प्रकरण नाही. नवसही नाही. हे मी फक्त हिंदू मित्रांना उद्देशून म्हणत नाहीये हं. वांद्र्याच्या माउंट मेरीला जाऊन बघा, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं विकत मिळतात, आणि वाहायला सगळ्या धर्मांची माणसं असतात. माणसाला देवाशी व्यवहार आवडतो, कारण व्यवहारात अटी माहीत असतात. प्रेमात त्या नसतात.

आणि तो ५९ चा आकडा? संशोधकांनाही त्याचं कारण खात्रीने सांगता आलं नाही, योगायोगही असू शकतो. पण मला तो वाचून आमचं जेवणाचं टेबल आठवलं. दादा घरात होता तेव्हा जेवणाआधीची प्रार्थना पप्पा करायचे. डोळे मिटून, हात जोडून, दादा समोर बसलेला असताना: हे प्रभू, याला बुद्धी दे, याला आईबापाची लाज वाटू दे. दादाचा घास तिथेच अडकायचा. आता मला कळतं, ती प्रार्थना नव्हतीच. तो टोमणा होता, फक्त देवाच्या पत्त्यावर पाठवलेला. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय" हे वाक्य इतकं जड असू शकतं की समोरचा त्याखाली दबून जावा. आपल्या माणसासाठी प्रार्थना करायची असेल तर पहिला नियम हाच असावा: ती त्याला ऐकवायची नाही.

असो. मम्मीच्या रांगेतली सगळ्यात प्रसिद्ध बाई म्हणजे मोनिका. अमेरिकेतल्या सँटा मोनिकाला जाऊन आलेले मित्र समुद्रकिनाऱ्याचे फोटो टाकतात, त्यांना ते गाव जिच्या नावाचं आहे ती कोण हे क्वचित माहीत असतं. चौथ्या शतकातली उत्तर आफ्रिकेतली बाई, थागास्ते नावाच्या गावची, जे आज अल्जीरियात आहे. तिच्या मुलाचं नाव ऑगस्टिन, जन्म सन ३५४. पुढे तो चर्चच्या इतिहासातला सगळ्यात मोठ्या विचारवंतांपैकी एक झाला, पण तरुणपणी तो तिच्या जिवाला घोर होता. हुशार, बोलका, आणि आईची श्रद्धा भाबडी वाटणारा. (ओळखीचं वाटतंय? :) ) एकोणिसाव्या वर्षी तो मानी पंथात शिरला.

त्याने 'कन्फेशन्स' या आपल्या पुस्तकात आईबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. मोनिकाने सुरुवातीला त्याला चक्क दूर ठेवलं होतं. घरात घेईना, एका टेबलावर जेवायला बसू देईना. म्हणजे आजच्या भाषेत, तिनेही ब्लॉक केलं होतं! मग तिला एक स्वप्न पडलं. ती एका लाकडी पट्टीवर उभी आहे, रडते आहे, आणि एक तेजस्वी तरुण तिला सांगतो की जिथे तू आहेस तिथे तो पण आहे, नीट बघ. तिने वळून पाहिलं तर मुलगा शेजारी उभा. या स्वप्नानंतर तिने त्याला पुन्हा पंगतीला बसवलं. तो बदलला नव्हता. बदललेली ती होती. तो बदलायला त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं लागली.

मधल्या काळात ती एका बिशपकडे गेली, माझ्या मुलाला समजावा म्हणून. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला. तो म्हणाला, आत्ता काही ऐकायचा नाही, त्याला राहू दे, नुसती प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. ती ऐकेना, रडून मागेच लागली. शेवटी तो वैतागला आणि तिला जायला सांगितलं, पण जाता जाता म्हणाला की इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. मला या बिशपचं कौतुक वाटतं ते त्या शेवटच्या वाक्यापेक्षा आधीच्या सल्ल्यासाठी. आम्ही घरातल्यांनी दादाला किती वेळा 'समजावलं' असेल, गणती नाही. त्याला कुणीतरी थोडा वेळ नुसतं राहू द्यायला हवं होतं.

आणि मग ३८३ सालची ती रात्र. ऑगस्टिनला कार्थेजहून रोमला जायचं होतं. आई बंदरापर्यंत आली, एकतर जाऊ नको, नाहीतर मला ने म्हणून. त्याने थाप मारली की एका मित्राला निरोप द्यायला आलोय. ती जवळच्या एका प्रार्थनास्थळात रात्रभर गुडघ्यावर बसली होती, मागणं एकच, हा जाऊ नये. सकाळी बघते तर जहाज गेलेलं.

आता विचार करा, त्या सकाळी तुम्ही मोनिकाचे मित्र असता तर काय म्हणाला असता? मी तर म्हणालो असतो, मावशी, खटका पाडा आता. पण तो रोमला गेला, तिथून मिलानला. मिलानला त्याला अँब्रोज नावाचा बिशप भेटला, ज्याच्या विद्वत्तेपुढे त्याचा ताठा पहिल्यांदा उतरला. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजनेच त्याचा बाप्तिस्मा केला. तोवर मोनिका समुद्र ओलांडून मिलानला येऊन पोचलीच होती. ऑगस्टिनने नंतर मागे वळून पाहताना याचा अर्थ असा लावला: त्या रात्री तिने जे मागितलं ते देवाने नाकारलं, ते ती नेहमी जे मागत होती ते देण्यासाठी. त्याच वर्षी, काही महिन्यांतच, घरी परतायच्या वाटेवर ऑस्टिया बंदरात ती गेली. वयाचं छप्पन्नावं वर्ष चालू होतं.

ती काही आदर्श आई नव्हती. मुलासाठी तोलामोलाचं स्थळ बघायच्या नादात, त्याच्या मुलाची आई असलेल्या, वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या बाईला आफ्रिकेला परत जावं लागलं, आणि शेवटी ते लग्नही झालंच नाही. म्हणजे आपल्या माणसासाठी प्रार्थना करणारेही चुकतात, आणि चुकीचं मागतातही. त्यांची प्रार्थना त्यामुळे फुकट जात नाही, इतकंच.

इंजिनिअर पुन्हा हात वर करतो. अरे, ही तर निवडक उदाहरणांची फसवणूक! जिचा मुलगा संत झाला तिची गोष्ट सोळाशे वर्षं टिकली. ज्या हजारो आयांची मुलं परत आली नाहीत, त्यांच्यावर पुस्तकं कोण लिहिणार?

बरोबर आहे. म्हणून दुसरं उदाहरण घेतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा जॉर्ज म्युलर, अनाथाश्रम चालवणारा, शिस्तीत नोंदी ठेवणारा माणूस. १८४४ च्या नोव्हेंबरात त्याने पाच ओळखीच्या माणसांसाठी रोज प्रार्थना सुरू केली, त्यांनी ख्रिस्ताकडे वळावं म्हणून. आजारी असो, प्रवासात असो, एक दिवस चुकवला नाही. पहिला वळायला दीड वर्ष लागलं. दुसऱ्याला आणखी पाच वर्षं. तिसऱ्याला आणखी सहा. आणि उरलेले दोघं? तीसहून जास्त वर्षं उलटल्यावरही म्युलर लिहीत होता की ते अजून वळलेले नाहीत, पण मी आशा सोडलेली नाही. मला या माणसाची नोंद विश्वासार्ह वाटते ती याच कारणाने, की तो पाचपैकी तीन लिहितो. पाचपैकी पाच लिहिले असते तर मी पान उलटलं असतं.

आणि तरी मनाला सगळ्यात जास्त भिडलेलं उदाहरण याहून जुनं आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. लूकचाच बाविसावा अध्याय. आता, प्रार्थना करणारा प्रत्यक्ष येशू! आणि काही तासांत काय होतं? पेत्र तीनदा म्हणतो, मी या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवतो. पेत्र बाहेर जाऊन रडतो.

मग प्रार्थना फेल गेली? येशूचं पुढचं वाक्य वाचलं की कळतं. तो म्हणतो, तू परत वळलास की तुझ्या भावांना धीर दे. 'वळलास तर' नाही, 'वळलास की'. म्हणजे तो पडणार हे त्याला माहीत होतं. पडू नये ही ती प्रार्थनाच नव्हती. पडल्यावर परतायची वाट उघडी राहावी ही होती. हे लक्षात आलं तेव्हा मला दादाच्या प्रत्येक पडण्याकडे वेगळं बघता आलं. आम्ही दर वेळी 'प्यायला म्हणजे प्रार्थना वाया गेली' असा हिशोब मांडत होतो. हिशोबाचा रकानाच चुकीचा होता.

आता 'विश्वास' या शब्दाबद्दल थोडं, कारण यावरून फार वाईट गोष्टी घडलेल्या मी पाहिल्यात. माझ्या ओळखीतल्या एका मावशींचे यजमान कॅन्सरने गेले. दोन वर्षं त्यांनी नवऱ्यासाठी उपास केले, रात्री जागवल्या. मातीनंतर भेटायला आलेल्या एका बाहेरच्या प्रचारकाने त्यांना सांगितलं, "ताई, विश्वास थोडा कमी पडला." मी तिथे होतो. मी काही बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते. त्याला विचारायला हवं होतं, की गेथशेमाने बागेत येशूने हा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणून विनवलं, प्याला दूर झाला नाही, मग तिथे कुणाचा विश्वास कमी पडला होता?

माझ्या मते विश्वास म्हणजे निकालाची खात्री नव्हे. निकालाची खात्री असेल तर त्याला अंदाज म्हणतात. विश्वास माणसावर असतो, तसा देवावर. मम्मीला दादा सुधारेल याची खात्री आहे का? मी विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत? पण ज्याला सांगते तो काही टाकून देणारा नाही." यापेक्षा चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

आणि कधी कधी हा विश्वास दुसऱ्याच्या वतीने ठेवावा लागतो. मार्कच्या शुभवर्तमानात कफर्णहूमचा तो पक्षाघाती माणूस आठवा. स्वतः उठू शकत नाही. चौघं त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून आत जाता येत नाही, म्हणून सरळ छप्पर उघडून खाली सोडतात. आणि मार्क लिहितो की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. अंथरुणावरच्या माणसाने तोवर एक शब्दही काढलेला नाही. दादाला आज प्रार्थना करता येत असेल असं मला वाटत नाही. मग त्याच्या बाजेचा एक कोपरा कुणीतरी धरायला नको? चार कोपऱ्यांपैकी तीन आम्ही सोडून दिले होते, मम्मी एकटीच चौथा धरून ओढत होती. आणि मी तिला पायऱ्यांवर विचारत होतो, किती वर्षं तेच तेच?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. प्रार्थना ही काहीच न करण्याची सबब होता कामा नये. याकोबाच्या पत्रात याची छान खिल्ली उडवली आहे: उघड्या, उपाशी माणसाला 'ऊब घे, पोटभर खा' म्हणून शुभेच्छा द्यायच्या आणि हातावर काही ठेवायचं नाही, याचा काय उपयोग? दारू हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा बऱ्याच शहरांत भरतात, घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. प्रार्थना करतो म्हणून डॉक्टर नको, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. आणि दुसरं, प्रार्थना करणं म्हणजे पैसे देत राहणंही नव्हे. मी दादाचं पुढचं कर्ज फेडणार नाही. मम्मीलाही फेडू देणार नाही. बाजेचा कोपरा धरायचा, पण त्याच्या खिशात बाटलीचे पैसे घालायचे नाहीत.

मग प्रार्थनेने नेमकं होतं काय? देव त्याच्या बाजूने काय करतो ते मला दिसत नाही, त्याचे लॉग माझ्याकडे नाहीत. मी फक्त माझी बाजू सांगू शकतो. गेल्या सोमवारपासून मी रोज रात्री दादाचं नाव घेतोय. दोन मिनिटं. याला बुद्धी दे वगैरे नाही. आज त्याने जेवलेलं असू दे, रात्री त्याला नीट झोप लागू दे, एवढंच. पहिल्या दिवशी नाव घेताना घशात राग होता. कर्जाचे हप्ते आठवत होते. तिसऱ्या दिवशी अचानक आठवलं की मला सायकल त्याने शिकवली होती, आणि मी पडलो तेव्हा माझ्याआधी तोच रडला होता. हे चार वर्षं मला एकदाही आठवलं नव्हतं. ज्याचं नाव आपण रोज घेतो, त्याची फाईल बंद करता येत नाही. तो 'केस' होत नाही, माणूसच राहतो. मला वाटतं, आपल्या माणसांसाठी प्रार्थना करत राहण्याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात अवघड कारण आहे.

तुमचंही असं कुणी असेल. बोलणं बंद झालेला बाप, न उठणारी आजी, परदेशात जाऊन अबोल झालेली बहीण, सगळं असूनही रात्री न झोपणारा मित्र. वर्षं झाली असतील, काही हललं नसेल, तुम्हाला स्वतःचीच लाज वाटायला लागली असेल. लाजू नका. थांबला असाल तर पुन्हा सुरू करा. मधल्या गॅपचा हिशोब कुणी मागत नाही. शब्द सुचले नाहीत तर नुसतं नाव घ्या, मम्मीसारखं. एवढं पुरतं.

गुरुवारी रात्री मी दादाचा नंबर अनब्लॉक केला. बराच वेळ काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, "दादा, जेवलास का?" दोन टिका आल्या, थोड्या वेळाने त्या निळ्या झाल्या.

उत्तर अजून नाही. असो. आज शनिवार आहे, दुपारच्या बसने नगरला निघतोय. उद्या पाळकसाहेब विचारतील, "प्रार्थनेचे विषय?" मम्मी उठायच्या आत उठायचा विचार आहे.